स्टॅबिलायझर घेण्याआधी: मीटरपासून मोटारीपर्यंत व्होल्टेज सुधारण्याची कामं, क्रमाने

एका एमआयडीसीतल्या गाळ्यात सीएनसी मशीन दिवसातून दोन-तीनदा अलार्म देऊन थांबत होतं. मालकांनी साठ केव्हीएच्या सर्व्हो स्टॅबिलायझरचं कोटेशन आणून ठेवलं होतं आणि मला फक्त "कुठल्या मेकचा घेऊ?" एवढंच विचारायला बोलावलं होतं. मेन पॅनेलचं झाकण उघडलं तर आत करपलेल्या प्लास्टिकचा वास. बी फेजच्या लगवरची (लग म्हणजे केबलच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) निळी स्लीव्ह अर्ध्यापर्यंत तपकिरी झालेली. ॲल्युमिनियमची केबल, तिला तांब्याचा लग, तोही क्रिंपिंग टूलऐवजी हातोडीने चेपलेला. लग बदलला, बोल्ट नीट आवळला, मशीन चालायला लागलं. कोटेशन अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये असेल.

दर वेळी इतकं सोपं निघत नाही. पण क्रम मात्र दर वेळी तोच ठेवावा लागतो: आधी मोजणी, मग जोड, मग फेजचा समतोल, मग केबल, मग कपॅसिटर आणि हार्मोनिक्स (विजेच्या मूळ लाटेत मिसळलेल्या तिच्या पटीतल्या जादा लाटा), आणि अगदी शेवटी विकत आणायचं यंत्र. लोक उलटीकडून सुरुवात करतात, कारण यंत्र दुकानात मिळतं आणि मोजणीला आठवडा लागतो. हा लेख छोटा कारखाना, वर्कशॉप आणि शेतीपंप असलेल्यांसाठी आहे. पॅनेल उघडायचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. काय करून घ्यायचं आणि काय विचारायचं, ते इथे आहे.

पहिली पायरी: आठवडाभराची वही

एक ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर लागतो. साधा स्वस्त मीटर स्वच्छ साइन वेव्ह गृहीत धरतो. ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र), एलईडी, कॉम्प्युटर असा लोड असेल तर तो करंट कमी दाखवतो आणि तुम्ही निर्धास्त राहता. मीटरवर कॅट थ्री (मीटरची सुरक्षा श्रेणी), ६०० व्होल्ट असं छापलेलं आहे ना, तेही बघून घ्या.

वहीत पाच रकाने आखा: वेळ, तिन्ही फेजचे आपसातले व्होल्टेज, प्रत्येक फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज, तिन्ही फेजचा आणि न्यूट्रलचा करंट, आणि त्या वेळी काय काय चालू होतं. हा शेवटचा रकाना सगळे विसरतात, आणि उत्तर बहुतेकदा तिथेच असतं. सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी, भर कामात, दुपारच्या सुट्टीत आणि रात्री, अशा दिवसाला चार नोंदी पुरतात. प्रत्येक नोंद दोन ठिकाणी घ्यायची: वीज कंपनीच्या मीटरजवळ आणि त्रास देणाऱ्या मशीनच्या टर्मिनलवर. एकाच वेळी, दोन माणसं, फोनवर बोलत.

तुलना कशाशी करायची? आपल्याकडे वर्षानुवर्षं २४० आणि ४१५ व्होल्ट हे आकडे चालत आले, आता २३० आणि ४०० असे लिहिले जातात. १९५६ च्या वीज नियमावलीत लघुदाबासाठी सहा टक्के वर-खाली अशी मर्यादा होती. ४१५ धरलं तर ३९० ते ४४० हा पट्टा झाला. व्यवहारात मी हाच पट्टा वापरतो: याच्या आत असेल आणि तरी मशीन थांबत असेल, तर दुखणं व्होल्टेजच्या पातळीत नाही, दुसरीकडे आहे.

आकडे वाचायचे कसे

पहिला प्रश्न: दोष कुणाच्या हद्दीत? समजा भर कामात मीटरजवळ ४१२ आहेत आणि मशीनवर ३८८. मधले २४ व्होल्ट तुमच्याच वायरिंगमध्ये जातायत. वीज कंपनीला फोन करून उपयोग नाही. उलट मीटरजवळच ३७० असतील आणि मशीनवर ३६६, तर तुमचं घर ठीक आहे, रस्ता खराब आहे. एवढी एक तुलना केली की निम्मे वाद मिटतात.

दुसरा प्रश्न: तिन्ही फेज कशा हलतात?

तिन्ही एकदम, सारखेच खाली येत असतील तर फीडरवर (उपकेंद्रातून येणाऱ्या लाईनवर) किंवा डीपीवर (गल्लीतल्या किंवा शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड जास्त आहे. एकच फेज खाली आणि बाकी दोन जागच्या जागी, तर त्या फेजवर लोड जास्त किंवा तिचा एखादा जोड ढिला. पण एक फेज न्यूट्रलशी १९० दाखवतेय आणि त्याच क्षणी दुसरी २७० वर गेलीय, असं दिसलं तर पुढचं वाचायचं थांबवा आणि मेन स्विच बंद करा. न्यूट्रल ढिला झालाय किंवा तुटलाय. न्यूट्रल गेला की एका फेजवरचा लोड दुसऱ्या फेजवरच्या लोडशी मालिकेत जोडला जातो. ज्या फेजवर लोड कमी, तिचं व्होल्टेज चढतं, थेट चारशेच्या दिशेने. चाळीतले, सोसायटीतले टीव्ही-फ्रिज एका रात्रीत जळतात ते बहुधा असेच. "व्होल्टेज वाढून आलं" म्हणतात, प्रत्यक्षात ते कुठून वाढून आलेलं नसतं, घरातल्या घरात वाकडं वाटलं गेलेलं असतं. न्यूट्रलला कधीही फ्यूज लावू नये, हे याच कारणासाठी.

तिसरा प्रश्न: व्होल्टेज हळूहळू उतरतं की क्षणभर बुडून वर येतं? तासन् तास कमी राहणं आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा गोता, ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याने मोटार तापते, दुसऱ्याने कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढून धरलेला मोटारीचा स्विच) सुटतो. तुमच्या वहीत दुसरं पकडलं जाणार नाही. त्यासाठी पॉवर क्वालिटी ॲनालायझर भाड्याने आणावा लागतो, आठवडाभर लावून ठेवावा लागतो. आठवडाच का? कारण सोमवारची सकाळ आणि रविवारची रात्र, दोन्ही त्यात यायला हवेत.

जोड, लग, बोल्ट

इथे थोडं रेंगाळू, कारण सगळ्यात स्वस्त सुधारणा इथेच आहे.

लोड चालू असताना एकाच फेजच्या जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे मीटरचे दोन प्रोब लावले, की त्या जोडात किती व्होल्टेज खर्च होतंय ते कळतं. चांगल्या जोडात हे काही मिलिव्होल्टच असतं. समजा ६० अँपिअर वाहतायत आणि एका लगवर दीड व्होल्ट दिसलं: दीड गुणिले साठ, म्हणजे ९० वॅट. पॅनेलच्या आत, प्लास्टिकच्या शेजारी, एक जुना बल्ब रात्रंदिवस पेटता ठेवल्यासारखं झालं. तापलं की धातू फुगतो, गार झाला की आकसतो, बोल्ट आणखी ढिला होतो, उद्या दीडचे दोन होतात. जोड आपोआप बरा होत नाही.

तिन्ही फेजची तुलना करा. आर आणि वाय वर २० मिलिव्होल्ट आणि बी वर ३००, तर शोध संपला. हेच कॉन्टॅक्टरच्या अलीकडे-पलीकडे आणि एमसीसीबीच्या (मोठ्या ब्रेकरच्या) पोलवर करून बघा. कॉन्टॅक्टरचे पॉइंट काळे पडलेले बरेचदा इथेच सापडतात. इन्फ्रारेड गन असेल तर आणखी सोपं. पण चकचकीत बसबारवर (पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर) गन खोटं कमी तापमान दाखवते, म्हणून तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा. टेप अर्थात सप्लाय बंद करून लावायची.

ॲल्युमिनियम आणि तांबं थेट भेटवू नका. मध्ये बायमेटॅलिक, म्हणजे दोन्ही धातूंचा, लग हवा. केबलचे सगळे तार लगमध्ये गेले पाहिजेत. "बसत नव्हते म्हणून चार तार कापले" असं सांगणारे वायरमन मी पाहिलेत. अर्थिंगचे बोल्टही याच फेरीत आवळून घ्या, त्यासाठी वेगळा शटडाऊन परवडत नाही.

फेजचा समतोल

आपल्याकडे सिंगल फेजची कनेक्शनं जशी सुचतील तशी वाढत जातात. ऑफिसचा एसी वाय वर, कॅन्टीनची गिझर वाय वर, नवा वेल्डिंग सेट पुन्हा वाय वर, कारण त्या एमसीबीजवळ जागा होती.

असमतोल मोजायची रीत सोपी आहे. तीन आकडे घ्या: ४१५, ४०२, ३९८. सरासरी ४०५. सरासरीपासून सगळ्यात लांबचा आकडा १० ने लांब. १० भागिले ४०५, म्हणजे जवळजवळ अडीच टक्के. ऐकायला किरकोळ. पण मोटारीत करंटचा असमतोल व्होल्टेजच्या असमतोलाच्या सहा ते दहा पट होतो, आणि वाइंडिंगची तापमानवाढ साधारण असमतोलाच्या वर्गाच्या दुप्पट टक्क्यांनी चढते. अडीचचा वर्ग सव्वासहा, त्याची दुप्पट साडेबारा टक्के. असमतोल पाच टक्के झाला तर हाच हिशेब पन्नासवर जातो. म्हणून मी एक टक्क्याच्या आत आणायचा प्रयत्न करतो, आणि पाच टक्क्यांच्या वर मोटार चालवूच नका म्हणतो.

उपाय म्हणजे कागद-पेन्सिल. प्रत्येक सिंगल फेज सर्किटचा चालू लोडवरचा करंट लिहा, तीन रकान्यांत वाटून टाका, सुट्टीच्या दिवशी एमसीबी बदलून घ्या. फक्त एक भान ठेवा: दिवसभर चालणारा लोड आणि दिवसातून दहा मिनिटं चालणारा लोड सारख्या वजनाचे नाहीत. तीन फेजच्या मोटारीच्या वायरी हलवल्या तर ती उलटी फिरेल, तिला हात लावू नका.

केबल: लांबीचा हिशेब

शेतीपंपाचं उदाहरण घेऊ. पाच एचपीचा तीन फेज सबमर्सिबल, ८ अँपिअर, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खऱ्या कामाचा हिस्सा) ०.८, स्टार्टरपासून मोटारीपर्यंत तांब्याची ३०० मीटर केबल. अडीच स्क्वेअर एमएमची टाकली तर मोटारीपर्यंत जाईतो सुमारे २३ व्होल्ट गेले. चार स्क्वेअरची टाकली तर १४, सहाची टाकली तर साडेनऊ. केबल तापल्यावर आणखी थोडे. आता डीपीवरूनच ३८० येत असतील तर अडीचच्या केबलने मोटारीला ३५७ मिळणार. मोटारीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो: व्होल्टेज ८० टक्के, तर टॉर्क ६४ टक्के. पाणी तेवढंच उचलायचं असतं, मग मोटार जास्त करंट ओढते, तापते, आणि गडी म्हणतो "यंदा दुसऱ्यांदा रिवायंडिंग". दोन रिवायंडिंगच्या पैशात बहुतेक वेळा जाड केबल येते.

हिशेब स्वतः करायचा असेल तर: तांब्यासाठी ०.०१७२ गुणिले मीटरमधली लांबी, भागिले स्क्वेअर एमएम. आलेला रेझिस्टन्स गुणिले करंट गुणिले १.७३ गुणिले पॉवर फॅक्टर. ॲल्युमिनियमसाठी ०.०१७२ च्या जागी ०.०२८. सिंगल फेज असेल तर १.७३ ऐवजी २.

कपॅसिटर: काय करतो आणि काय करत नाही

५० किलोवॅट लोडचा कारखाना, पॉवर फॅक्टर ०.७५. म्हणजे तुम्ही लाईनवरून ६६.७ केव्हीए (कामाची आणि बिनकामाची मिळून एकूण वीज) ओढताय, ४१५ व्होल्टवर ९३ अँपिअर. पॉवर फॅक्टर ०.९८ केला तर ५१ केव्हीए आणि ७१ अँपिअर. त्यासाठी कपॅसिटर लागतो ३४ केव्हीएआर (कपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक). केबल आणि ट्रान्सफॉर्मरमधला तापून वाया जाणारा भाग करंटच्या वर्गावर चालतो, तो जवळपास ४१ टक्क्यांनी उतरतो. महावितरणने उच्चदाब ग्राहकांचं बिल २०२० पासून केव्हीएएचवर (किलोवॅट-तासांऐवजी केव्हीए-तासांवर) आणलं, तेव्हापासून पॉवर फॅक्टर हा थेट पैशाचा विषय झाला. आणि त्यात लीडिंग बाजूही, म्हणजे गरजेपेक्षा जास्त कपॅसिटर चालू असल्याचा भागही, मोजली जाते. रात्री मशीन बंद, कपॅसिटर चालूच, असा कारभार असेल तर तोही बिलात दिसतो. म्हणून एकरकमी कपॅसिटर न ठेवता लोडप्रमाणे टप्पे घालणारं-काढणारं एपीएफसी पॅनेल हवं, आणि त्यात दोन-तीन केव्हीएआरचे लहान टप्पेही हवेत.

आता जे विक्रेता सांगत नाही ते. "कपॅसिटर लावा, व्होल्टेज वाढेल" हे अर्धंच खरं आहे. गाळ्यातल्या केबलमध्ये मुख्यतः रेझिस्टन्स असतो. तिथला व्होल्टेज ड्रॉप खऱ्या किलोवॅटमुळे होतो आणि कपॅसिटरने तो फारसा हलत नाही. ट्रान्सफॉर्मर आणि खांबावरची लाईन यांच्यात मात्र रिॲक्टन्स (बदलत्या करंटला होणारा चुंबकीय विरोध) भरपूर असतो. तिथे कपॅसिटरचा गुण येतो.

म्हणून तो सगळ्यात जास्त शोभतो शेतात. एका ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीचे दहा पंप आहेत. प्रत्येकी ८ अँपिअर, एकूण ८०; त्या डीपीची क्षमता ८४. अगदी काठावर. प्रत्येकाने दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लावला तर पंपामागे ६.७ अँपिअर, एकूण ६७. डीपीला श्वास घ्यायला जागा झाली. एलटी (लघुदाबाची) लाईन किलोमीटरभर लांब आणि सगळे पंप टोकाला असतील, लाईनचा रिॲक्टन्स ०.३ ओहमच्या आसपास धरला, तर टोकाला चौदा-पंधरा व्होल्ट परत मिळतात. तीन एचपीला एक, पाचला दोन, साडेसातला तीन केव्हीएआर हा नेहमीचा अंदाज. कपॅसिटर स्टार्टरनंतर, मोटारीच्या बाजूला जोडायचा, म्हणजे मोटार बंद तर तोही बंद. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटार आधी कमी व्होल्टेजवर सुरू करणारा) असेल तर मात्र कुठे जोडायचा हे वायरमनच्या डोक्यावर सोडू नका, स्टार्टर बनवणाऱ्याचा नकाशा मागवा. पण दहातल्या एकानेच लावला तर त्याला स्वतःला जवळपास काहीच फरक दिसत नाही, आणि तो पुढच्या वर्षी काढून ठेवतो. ही गोष्ट डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून करायची आहे. नेमकं तेच अवघड जातं.

हात लावण्याआधी: कपॅसिटर बंद केल्यावरही काही मिनिटं भरलेला असतो. पाच मिनिटं थांबा, मीटरने तपासा, मगच स्पॅनर.

हार्मोनिक्स, आणि कपॅसिटर का फुगतात

"कपॅसिटर सहा महिन्यांत फुगला, माल डुप्लिकेट होता" ही तक्रार ऐकली की मी पहिलं विचारतो, ड्राइव्ह किती आहेत? सहा पल्सचा साधा ड्राइव्ह (व्हीएफडी) ५० हर्ट्‌झच्या पाचव्या, सातव्या, अकराव्या, तेराव्या पटीचे करंट लाईनवर सोडतो. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून एखाद्या फ्रिक्वेन्सीला झोक्यासारखे डोलतात, आणि ड्राइव्हने नेमका त्याच तालात धक्का दिला की कपॅसिटरमधला करंट कैक पट होतो.

कुठे डोलेल ते आधी काढता येतं. ट्रान्सफॉर्मरचे केव्हीए भागिले त्याचा इम्पीडन्स (त्याचा आतला विरोध, टक्क्यांत). ५०० केव्हीए, पाच टक्के, म्हणजे १०,०००. त्याला कपॅसिटरच्या केव्हीएआरने भागा. २०० असेल तर ५०. त्याचं वर्गमूळ सात. सातवं हार्मोनिक! म्हणजे ड्राइव्ह असलेल्या या कारखान्यात २०० केव्हीएआर चालू झाले की अरिष्ट. चारशे लावले तर वर्गमूळ पाच, आगीतून फुफाट्यात. एपीएफसी टप्पे बदलतो तसा हा आकडाही सरकतो, म्हणून "कधीकधीच होतं" असं वाटतं.

उपाय: कपॅसिटरला मालिकेत चोक, म्हणजे डिट्यून्ड रिॲक्टर. सात टक्क्यांचा चोक १८९ हर्ट्‌झला बसतो, पाचव्या हार्मोनिकच्या म्हणजे २५० च्या सुरक्षित खाली. तिसरं हार्मोनिक जास्त असेल, उदाहरणार्थ आयटी ऑफिस किंवा मोठं एलईडी लाइटिंग, तर चौदा टक्क्यांचा, तो १३४ वर बसतो. चोकमुळे कपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्क्यांनी वाढतं, म्हणून ४४० व्होल्टचे जुने कपॅसिटर ठेवून नुसता चोक जोडला की फसलात. ४८० किंवा ५२५ चे कपॅसिटर घ्यावे लागतात.

तिसऱ्या हार्मोनिकची खोड वेगळी. फेज कितीही समतोल असल्या तरी ते न्यूट्रलमध्ये कटत नाही, बेरीज होतं. प्रत्येक फेजमध्ये दहा अँपिअर तिसरं हार्मोनिक, तर न्यूट्रलमध्ये तीस. जुन्या इमारतींत न्यूट्रल फेजच्या निम्म्या जाडीचा टाकायची पद्धत होती. तिथे क्लॅम्प मीटर आधी न्यूट्रलला लावा. आयईईई ५१९ या मानकात लघुदाबाला व्होल्टेजचं एकूण हार्मोनिक विरूपण आठ टक्क्यांपर्यंत धरलंय. ॲनालायझरचा अहवाल आला की पहिल्यांदा तो आकडा शोधा.

सुरुवातीचा झटका

वीस एचपीचा कॉम्प्रेसर चालू लोडवर २८ अँपिअर घेतो, पण थेट लाईनवर सुरू केला तर क्षणभर १७० च्या घरात. तेवढ्यात शेजारच्या पॅनेलमधल्या कॉन्टॅक्टरची कॉइल ढिली पडते आणि त्याचं मशीन थांबतं. कॉन्टॅक्टर ८५ टक्के व्होल्टेजला उचलला गेला पाहिजे असं मानक म्हणतं, पण सुटायची मर्यादा ७५ टक्क्यांपासून पार २० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. त्यामुळे एकाच गोत्यात एक मशीन बंद पडतं आणि दुसरं बिनघोर चालतं. स्टार-डेल्टाने हा झटका तिसऱ्या हिश्श्यावर येतो, सॉफ्ट स्टार्टरने हवा तसा. मोठ्या मोटारी एकामागून एक सुरू व्हाव्यात म्हणून टायमर टाकणं हा त्याहून स्वस्त उपाय.

शेतात या झटक्याचा अवतार म्हणजे ऑटोस्विच. रात्री बाराला लाईट आली की कुणी उठायला नको म्हणून तो लावलेला असतो, आणि मग शिवारातले सगळे पंप एकाच सेकंदाला उठतात. व्होल्टेज कोसळतं, डीपीचा फ्यूज उडतो, आणि ज्याच्यासाठी ऑटोस्विच लावला ते पाणी सकाळपर्यंत मिळतच नाही. तो लावायचाच असेल तर प्रत्येकाने वेगळ्या मिनिटांचा डिले ठेवा. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारं उपकरण) काढून कंडेन्सरवर, म्हणजे कपॅसिटरवर, दोन फेजमध्ये मोटार चालवण्याचा जुगाड तर पूर्ण बंद करा. त्याने असमतोल अख्ख्या डीपीवर पसरतो.

आता यंत्र

एवढं करूनही मीटरजवळच व्होल्टेज कमी असेल, तर सर्व्हो स्टॅबिलायझर. तो तासन् तासच्या चढ-उताराला चांगला. क्षणभराच्या गोत्याला तो पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं, आणि हार्मोनिक्सला तो हातही लावत नाही. गोत्यांसाठी अख्खा कारखाना यूपीएसवर टाकायची गरज नसते. कंट्रोल सर्किट आणि सीएनसीचा कंट्रोलर एवढंच छोट्या यूपीएसवर घेतलं तरी बरंच भागतं. इमर्जन्सी स्टॉप मात्र त्यानंतरही सगळं तोडतोय ना, हे दाबून बघा.

स्टॅबिलायझरची एक खोड लक्षात ठेवा. दहा केव्हीएचा लोड २३० वर ४३ अँपिअर घेतो. लाईनवर १७० असताना स्टॅबिलायझर आत २३० देतो, पण बाहेरून ५९ ओढतो. गल्लीत सगळ्यांनी बसवले की लाईन आणखी खाली जाते, ते आणखी ओढतात. मोठ्या ग्रिडमध्ये व्होल्टेज कोसळण्याची जी साखळी असते, तिचीच ही गल्लीतली आवृत्ती.

आणि कपॅसिटर या वेळी दगा देतो, कारण त्याचे केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गावर चालतात. ४४० व्होल्टचा २५ केव्हीएआर कपॅसिटर ३८० व्होल्टला १८.६ च देतो. सगळ्यात गरज असते तेव्हाच कमी. म्हणून पारेषणाच्या पातळीवर पॉवरग्रिड या सरकारी पारेषण कंपनीने सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या उपकेंद्रांत स्टॅटकॉम बसवले. स्टॅटकॉम इलेक्ट्रॉनिक स्विचने हवा तो रिॲक्टिव्ह करंट (कपॅसिटर देतो तसला) तयार करतो आणि व्होल्टेज पडलं तरी करंट टिकवतो. रात्री लोड उतरून व्होल्टेज चढलं तर उलट दिशेने शोषूनही घेतो. चढलेलं व्होल्टेजही तितकंच घातक असतं: २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले ते चढत्या व्होल्टेजच्या साखळीने.

छतावर सोलर असेल तर

हीच चढती बाजू आता घराघरांत आलीय. भर दुपारी, सगळ्यात छान ऊन असताना इन्व्हर्टर "ग्रिड ओव्हरव्होल्टेज" दाखवून बंद पडतो. पाच किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर २२ अँपिअर उलटे पाठवतो. डीपीपर्यंत ६० मीटर तांब्याची सहा स्क्वेअरची केबल असेल तर तेवढ्यासाठी त्याला साडेसात व्होल्ट चढावे लागतात. डीपीवर २४६ असतील तर तुमच्याकडे २५३ च्या वर. बऱ्याच इन्व्हर्टरची मर्यादा तिथेच असते. दहा स्क्वेअरची केबल टाकली तर चढ साडेचार. सेटिंग वाढवून घेण्याआधी केबल बघा. आणि नवीन बसवत असाल तर पाच किलोवॅटला तीन फेजचा इन्व्हर्टर मागा.

वीज कंपनीकडे जाताना

वही घेऊन जा. "व्होल्टेज येत नाही" या तक्रारीवर उत्तर "बघतो" असं मिळतं. "मीटरजवळ, आठवडाभर, सायंकाळी सहा ते नऊ, ३५५ ते ३६५, तिन्ही फेज सारख्याच खाली, आमच्या केबलमध्ये फक्त चार व्होल्ट" या अर्जावर शाखा अभियंत्याला डीपीचा लोड मोजावाच लागतो. अर्जाची पोच घ्या.

तिथून चार गोष्टी होऊ शकतात: डीपीच्या न्यूट्रलची आणि जंपरची (जोडतारेची) दुरुस्ती, फेजवरच्या कनेक्शनचं फेरवाटप, क्षमतावाढ किंवा लाईन लहान करून नवी डीपी. शेतीसाठी महाराष्ट्रात २०१८ पासून एचव्हीडीएस (उच्चदाब वितरण प्रणाली) योजनेत एक-दोन शेतकऱ्यांना स्वतंत्र छोटी डीपी देण्यामागे हेच गणित होतं: अकरा केव्ही शेताच्या बांधापर्यंत न्यायचे, म्हणजे एलटी लाईनची लांबीच उरत नाही.

चौथी गोष्ट टॅप (ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करायचा टप्पा) बदलणं. बऱ्याच ट्रान्सफॉर्मरला अकरा केव्हीच्या बाजूला अडीच टक्क्यांचे टॅप असतात. एक टॅप सरकवला की खाली दहा-अकरा व्होल्टचा फरक पडतो. सप्लाय पूर्ण बंद करूनच हे होतं. तुमचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल तर हे तुम्हीच करून घेऊ शकता, आणि इथेच घाई होते. सायंकाळच्या ३८५ वर नजर ठेवून दोन टॅप चढवले जातात. मग पहाटे चारला, आजूबाजूचं सगळं बंद असताना, पॅनेलवर ४५० येतात आणि ड्राइव्हचे कार्ड जातात. टॅप बदलला त्याच रात्री कुणाला तरी पहाटेचा गजर लावून मीटर वाचायला पाठवा, आणि आकडा वहीत लिहून घ्या.